जोहार म्हणायचा की नाही?

वैशाख वद्य पंचमी ही संत चोखामेळा म्हणजे आपल्या चोखोबांची पुण्यतिथी. भजनी मंडळाचे बुवा त्या दिवसाची यादी घेऊन संध्याकाळी कट्ट्यावर आले आणि चहा यायच्या आतच वाद सुरू झाला. कट्टा म्हणजे बेळगावच्या शहापुरात गल्लीच्या तोंडाला असलेल्या एका बंद दुकानाच्या पायऱ्या. बसणारे नेहमीचेच. बुवा, मराठी शिकवून निवृत्त झालेले मास्तर, वकील, मूळ निपाणीचा म्हणून सगळे ज्याला निपाणकर म्हणतात तो, आणि बैलहोंगलचे अण्णा. अण्णांची घरची भाषा कन्नड, पण मराठी भजनाला टाळ घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. त्या संध्याकाळी चोखोबांबद्दल जे बोलणं झालं ते इथं उतरवतोय, कारण आपल्या भागात त्यांचे अभंग गाणारे पुष्कळ आहेत, पण ते कोणत्या घरातून आले हे सांगणारे फार थोडे.

बुवांनी आधी वेळेचा हिशोब मांडला. "दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं. रामकृष्णहरीचा गजर, रूपाचा अभंग, गौळण, आरती, पसायदान यांना चाळीस मिनिटं जातात. राहिली ऐंशी. चार कडव्यांचा अभंग, ध्रुपद नीट फिरवायचं म्हटलं तर आठ मिनिटं खातोच. म्हणजे दहा अभंग. त्यातला शेवटचा, भैरवीला, जोहार."

"जोहार नको," निपाणकर म्हणाला.

बुवांना वाटलं चालीबद्दल काही म्हणणं असेल. तसं नव्हतं.

"जोहार हा शब्द कुणाचा ते आधी बघा, बुवा. गावात रामराम कुणी घालायचा आणि जोहार कुणी, हे ठरलेलं होतं. महारानं लांब उभं राहून, वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. आमच्या लोकांनी तो शब्द टाकला, जयभीम धरला, आणि तो टाकायला पिढ्या गेल्या. आता तुम्ही पेटी-पखवाज लावून तोच शब्द भैरवीत आळवणार, समोरची मंडळी डोळे मिटून माना डोलावणार. 'बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो.' ह्यात डोलण्यासारखं काय हाय, सांगा बघू."

कुणीच पटकन बोललं नाही. मग मास्तरांनी सुरुवात केली, आणि त्यांनी आधी अभंगाचा अर्थ लावलाच नाही, आधी पाटीचा लावला.

वेशीवर राखणीला असायचा तो येसकर. रात्रभर वेस राखायची, गावात कोण आलं-गेलं त्याची वर्दी पाटलाला द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, कुणी वारलं तर पाहुण्यांच्या गावी सांगावा न्यायचा. बदल्यात सुगीला खळ्यावर बलुतं, आणि रोज संध्याकाळी पाटी घेऊन घरोघर भाकरी मागणं. दाराबाहेर उभं राहून हाक द्यायची आणि वरून पडेल ते पाटीत घ्यायचं. ताजं, शिळं, उष्टं, सगळं त्यातच.

"म्हणून 'चोखा म्हणे पाटी, आणिली तुमच्या उष्ट्यासाठी' ही कवीची कल्पना नव्हे," मास्तर म्हणाले. "ती रोज संध्याकाळी हातात धरायची वस्तू आहे. ज्यानं ती पाटी धरली त्यानं लिहिलेली आपल्या भाषेतली ही बहुधा सर्वांत जुनी ओळ असेल. आणि आणखी एक बघा. चोखोबा गावाला जोहार घालत नाहीत. देवाला घालतात, आणि वर 'तुमच्या महाराचा मी महार' म्हणतात. गावानं दिलेलं सगळ्यात खालचं काम उचलून त्यांनी देवाच्या दारात नेऊन ठेवलं. पाटलाच्या दारचं उष्टं ते उष्टं, देवाच्या ताटातलं उष्टं तो प्रसाद. दोन्हींना एकच शब्द वापरला. तो शब्द मुद्दाम तसा वापरलाय."

"हे तुम्ही सांगितल्यावर कळालं," निपाणकर म्हणाला. "ऐकायला बसलेल्या तीनशे माणसांना कोण सांगणार? ते 'उष्ट्यासाठी आलो' एवढंच ऐकणार, आणि किती नम्र संत म्हणून हात जोडणार. नम्र म्हटलं की सुटले सगळे."

माझं मत मी तिथंच सांगितलं आणि इथंही सांगतो. निपाणकरचा आक्षेप अभंगावर नाही, तो एकटा गाण्यावर आहे, आणि तो बरोबर आहे. चोखोबांचा कुठलाही अभंग एकटा काढून गायला की तो बिघडतो. का ते पुढं येईल.

मध्येच बुवांच्या वहीचं एक प्रकरण निघालं. त्यांच्या वहीत चोखोबांच्या नावाखाली तीन जोहार लिहिलेले. मास्तरांनी शेवटची ओळ बघितली. त्यांतल्या दोन जोहारांच्या शेवटी 'एका जनार्दनी'. ते नाथांचे. चूक फार ठिकाणी होते आणि कारण साधं आहे. एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात महाराच्या तोंडी जोहार रचले, आणि वहीतून वहीत उतरवताना 'जोहार' दिसला की लोक चोखोबांच्या पानात टाकतात. पण दोन्हींत मोठा फरक. नाथांच्या जोहारात महार हे पात्र आहे, त्याच्या तोंडून परमार्थाचं रूपक सांगितलं जातं. चोखोबांच्या जोहारात रूपक सुरू व्हायच्या आधी भूक आहे. तेव्हा वही उतरवणाऱ्यांनी आधी शेवटची ओळ वाचावी, मग पान ठरवावं.

इथून वकिलांनी धागा उचलला. "मुद्रा कुणीही घालू शकतो. 'चोखा म्हणे' लिहिलं म्हणून तो चोखोबांचा कसा?"

प्रश्न रास्त होता. चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग गाथ्यात मिळतात. ते स्वतः लिहीत नव्हते. कोणत्या संताचे बोल कुणी लिहून घेतले त्याची यादी जनाबाईंच्या एका अभंगात आहे, आणि तिथं चोखामेळ्याचा लिहिणारा म्हणून अनंतभट्टांचं नाव येतं. महाराचे अभंग ब्राह्मणानं बसून लिहून घेतले, हे त्या काळात घडलं, आणि त्याची नोंद एका दासीनं ठेवली. मास्तर त्या अभंगाकडे नेहमी परत परत जातात. पण अनंतभट्टांचा कागद आज आपल्या हातात नाही. मधली शतकं तोंडातोंडी आणि वहीवहीत गेली. त्यामुळं घट आणि भर दोन्ही झाली असणार.

"मग कसोटी काय?" वकील.

"एकच अशी नाही," मास्तर म्हणाले. "मुद्रा बघायची, मग छंद मोजायचा, मग शब्द बघायचे. 'टाळी वाजवावी, गुढी उभारावी, वाट हे चालावी, पंढरीची.' मोजा अक्षरं. सहा, सहा, सहा, चार. पहिल्या तिन्ही तुकड्यांच्या शेवटी 'आवी'चं यमक, आणि चौथा मोकळा. हा घट्ट, मोठा अभंग. आता 'अबीर गुलाल उधळीत रंग' घ्या."

बुवा सावध झाले. ते त्यांचं सगळ्यात हुकमी गाणं.

"पहिली ओळ बारा अक्षरांची, दुसरी चौदा, उंबरठ्याची ओळ पंधरा. कडवं तीन ओळींचं, शेवटची ओळ ध्रुपदाला जोडलेली. ही ठेवण गीताची आहे. शिवाय 'नाथाघरी नाचे'. पैठणच्या नाथांचा जन्म सोळाव्या शतकातला आणि चोखोबा गेले १३३८ साली. नाथ म्हणजे दुसरा कुणी असं म्हणायला जागा आहे, पण भाषाही चौदाव्या शतकाची वाटत नाही. माझ्या मते हे फार नंतर कुणीतरी चोखोबांच्या जागी उभं राहून लिहिलंय."

"म्हणजे म्हणायचं नाही?" बुवांचा आवाज उतरला.

"म्हणा की. 'उंबरठ्यासी कैसे शिवू आम्ही जातिहीन' ही चोखोबांची स्थिती खरीच आहे. फक्त पुण्यतिथीच्या दहांत त्याला जागा देऊ नका. दहाच आहेत."

बुवांनी ते खोडलं. खोडताना त्यांना जड गेलं हे सगळ्यांनी पाहिलं.

आता निपाणकरनं अवघड अभंग पुढं केला. "कसोटीवरच आलात तर 'शुद्ध चोखामेळा' घ्या. 'यातीहीन मी महार, पूर्वी निळाचा अवतार. कृष्णनिंदा घडली होती, म्हणोनि महार जन्म प्राप्ती.' म्हणजे मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून ह्या जन्मी महार झालो. दोष व्यवस्थेचा नाही, माझाच. हे आमच्या आज्याला ऐकवून गप बसवलं गेलं. हे कुणी सांगायचं?"

वकील म्हणाले, "हा प्रक्षिप्त असू शकेल. कुणीतरी मागून घातला असेल."

मास्तर एकदम म्हणाले, "नाही. पटला तर चोखोबांचा आणि न पटला तर प्रक्षिप्त, अशी कसोटी चालणार नाही. अबीर गुलालला लावलं तेच माप इथं लावा. मुद्रा आहे, दोन-दोन तुकड्यांचा छोटा अभंग आहे, शब्द जुने आहेत. तो चोखोबांचाच धरून चालायला हवं. त्या काळात कर्मविपाक सोडून दुसरा हिशोब त्यांच्यासमोर कुणी मांडला होता? सगळं गाव, सगळी पोथी एकच सांगत होती. त्यांनी ते मानलं, आणि तरी दुसऱ्या तोंडानं तेच फोडलं."

ते फोडलेलं कुठं आहे, तर विटाळाच्या अभंगात. 'वेदासी विटाळ, शास्त्रासी विटाळ, पुराणें अमंगळ विटाळाचीं.' पुढं जीव, शिव, काया. पुढं ब्रह्मा, विष्णू, शंकर. शेवटी 'जन्मतां विटाळ, मरतां विटाळ, चोखा म्हणे विटाळ आदिअंती'. चार कडव्यांत हा एक शब्द बारा वेळा येतो. ज्या शब्दानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं तो शब्द ते वेदापासून विष्णूपर्यंत प्रत्येकाच्या अंगाला लावत जातात, आणि मग कुणी कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्नच उरत नाही. गाताना हमखास एक चूक होते. तिसऱ्या कडव्याला पखवाजवाला दुगुणीत जातो, शब्द ठेक्यावर आपटायला लागतो आणि ऐकणाऱ्याला फक्त लय उरते. हा अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच संथ लयीत ठेवायचा. बारा वेळा तो शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

"आणि ऊस डोंगा?" अण्णांनी विचारलं. अण्णा इतका वेळ ऐकत होते.

'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.' चिकोडी-अथणीच्या माणसाला हा अभंग समजावून सांगावा लागत नाही. वाऱ्यानं आडवा पडलेला, वाकडा वाढलेला ऊस गुऱ्हाळात घातला तरी रस तोच निघतो. बुवा नेहमी ध्रुपद म्हणून 'ऊस डोंगा' फिरवतात. मास्तरांचं म्हणणं, फिरवायची ओळ 'काय भुललासी वरलिया रंगा' हीच. उसाचा, धनुष्याचा, नदीचा दृष्टांत बदलत जातो, पण ज्याला विचारायचं तो प्रश्न एकच आहे आणि तो दर कडव्यानंतर समोरच्याच्या अंगावर आला पाहिजे. ऊसच फिरवत बसलं तर सुभाषित होतं.

अण्णा म्हणाले, "तुम्ही डोंगा म्हणता तेच आमच्यात डोंकु. वाकडं ते डोंकु. बसवण्णांचं वचन आहे बघा. 'हाविन डोंकु हुत्तक्के ससिन, नदिय डोंकु समुद्रक्के ससिन.' सापाचं वाकडेपण वारुळाला सरळ, नदीचं वाकडेपण समुद्राला सरळ. आणि शेवटी म्हणतात, कूडलसंगाच्या शरणांचं, म्हणजे शिवभक्तांचं, वाकडेपण लिंगाला सरळ."

मास्तरांनी ते वचन दोनदा म्हणून घेतलं. नदी दोन्हींत आहे. वाकडेपणाला शब्द जवळजवळ एकच. आणि गावही एकच. बसवण्णा म्हणजे बसवेश्वर कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, जायच्या आधी कलचुरी राजा बिज्जळाकडे कामाला होते ते मंगळवेढ्यात. कलचुरींचं ते जुनं ठाणं. चोखोबा राहिले तेही मंगळवेढ्यातच, दीडशे-दोनशे वर्षांनी. आपल्याकडून मिरज, सांगोला करत गेलं की मंगळवेढं, पुढं पंचवीसेक किलोमीटरवर पंढरपूर. विजापूर जिल्ह्याची हद्द तिथून लागूनच. त्या मातीत तेव्हा कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत असणार. चोखोबांनी ते वचन ऐकलं होतं असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नाही. पण हा शब्द तिथल्या माणसांच्या तोंडात होता एवढं नक्की.

निपाणकरनं मात्र फरक दाखवला आणि तो सगळ्यांना पटला. "बसवण्णा ब्राह्मणाच्या घरात जन्मलेले, राजाच्या खजिन्यावर बसलेले. ते दुसऱ्यांबद्दल म्हणतात, शरणांचं वाकडं लिंगाला सरळ. मोठी गोष्ट हाय, त्यांनी ती निभावली, कल्याणात त्याच्यापायी रक्त सांडलं. पण चोखोबा म्हणतात 'चोखा डोंगा'. ज्याला वाकडं ठरवलं तोच बोलूलाय. दोन्ही वाक्यं एका मापाची नव्हेत."

अण्णांनी मान हलवली. "खरं आहे. उडुपीला आमच्या संत कनकदासांसाठी देव वळला म्हणतात, भिंतीला खिडकी झाली. पंढरीत देव वळला नाही."

"चोखोबांनी पलीकडच्या तीरावर दीपमाळ बांधली म्हणतात," बुवा म्हणाले. "तिथूनच दर्शन."

महाद्वाराच्या पलीकडे त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. 'धाव घाली विठू' हा अभंग त्याचाच, 'मज मारिती बडवे' म्हणणारा. विठोबाचा हार चोखोबांच्या गळ्यात दिसला, देव बाटला म्हणून मारहाण झाली, आणि ते देवालाच धावून ये, मंद चालू नको म्हणून हाका मारतात. पुढं महिपतींनी या प्रसंगाभोवतीच्या कथा रंगवून सांगितल्या. मार चोखोबांना आणि सूज देवाच्या गालावर, सोयराबाईंच्या हातून दही सांडलं आणि देवाचा पीतांबर भरला, वगैरे. कथा कीर्तनात जरूर सांगाव्यात. पण महिपतींचा भक्तविजय हा ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे चोखोबांनंतर सव्वाचारशे वर्षांनी. कीर्तनात ती कथा देवाच्या प्रेमावर संपते आणि मारणारा हात सगळे विसरतात. अभंगात तो हात पहिल्याच ओळीत आहे. वकिलांनी आठवण करून दिली की बडव्यांचे हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवटचा निकाल लागायला २०१४ उजाडलं.

मरणाबद्दल बोलताना निपाणकरचा आवाज बदलला. शके १२६०. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १३३८. देवगिरीचे यादव जाऊन वीस वर्षं झाली होती. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम निघालं. वेठीला महार धरले, त्यांत चोखोबा. भिंत कोसळली आणि पुष्कळ माणसं खाली गाडली गेली.

"गावकूस म्हणजे काय ते लक्षात घ्या," तो म्हणाला. "त्या भिंतीच्या आत गाव, बाहेर महारवाडा. जी भिंत आम्हाला बाहेर ठेवते तीच बांधताना तिच्याखाली गेले. ह्याच्यावर कथा करायची गरज न्हाई."

नामदेवांना पंढरीत कळलं, ते आले, तोवर ढिगाऱ्याखाली हाडंच उरली होती आणि ती कुणाची ते ओळखणार कसं. परंपरा सांगते की ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या त्यांनी वेचल्या. आख्यायिका बाजूला ठेवली तरी जे उरतं तेही लहान नाही. त्या वेळी नामदेव अडुसष्ट वर्षांचे होते. या वयात एक शिंपी पंढरीहून निघतो, मेलेल्या महाराची हाडं हातानं वेचतो, उचलून आणतो आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी करतो. 'चोखा माझा जीव, चोखा माझा भाव, कुळधर्म देव चोखा माझा' हा नामदेवांचा अभंग या सगळ्यासकट वाचायचा. बारा वर्षांनी, १३५० साली नामदेवांनी स्वतःची जागा घेतली ती महाद्वाराच्या पायरीत, चोखोबांच्या समोर. आज पायरीचं दर्शन घेणारे हजारो असतात. वळून समाधीकडे बघणारे त्या मानानं फार कमी.

आणि ते दार उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बुवांनी बोटांवर वजाबाकी केली. सहाशे नऊ वर्षं.

"म्हणून आमची माणसं पंढरीला जायची थांबली," निपाणकर म्हणाला. "बाबासाहेब १९२५ साली आमच्या निपाणीला बहिष्कृत परिषदेला आले, तेव्हापासून आमच्या भागात हा प्रश्न चालूच हाय. चोखोबांचं काय करायचं? बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. आणि १९५६ ला नागपुरात धर्म सोडला. दोन्ही त्यांनीच केलं. मी दोन्ही धरतो. चोखोबांचा मान ठेवतो, त्यांच्या वाटेनं जात नाही."

बुवा बराच वेळ यादीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मग जोहार काढूच का?"

इथं मी माझं म्हणणं पुरं केलं. काढू नका, भैरवीतून हलवा आणि त्याच्या लगेच पाठोपाठ, मध्ये गजर न करता, कर्ममेळ्याचा अभंग लावा. चोखोबा एकटे नव्हते. त्या एका घरातून पाच जण बोलले. चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. बंका हे सोयराबाईंचे भाऊ आणि निर्मळेचे नवरे, म्हणजे साटंलोटं. पाचही जणांचे अभंग गाथ्यात आहेत, एकट्या सोयराबाईंचे साठच्या आसपास. बापानं जे मनात ठेवलं ते पोरानं तोंडावर विचारलं. 'आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता.' बाप म्हणतो उष्ट्यासाठी आलो. मुलगा म्हणतो उष्टं खाता खाता जन्म गेला, तुला लाज वाटत नाही? शब्द तोच, त्याच घरातला, त्याच पाटीतला. पुढची ओळ तर 'आमुचे घरी भात दही, खावोनी कैसा म्हणसी नाही'. ज्या दह्याची गोड कथा आपण सांगतो, ते दही मुलानं देवासमोर पुरावा म्हणून ठेवलंय.

"हा तर सरळ सवालच झाला," वकील म्हणाले.

"जन्म का दिलास असं विचारून संपतो," मास्तर म्हणाले. "उत्तर येत नाही. तिथं बुवा, चाल वर न्यायची नाही. 'कासया जन्म दिला मला' वरच थांबायचं. पाच-सात सेकंद पखवाजही नको."

सोयराबाईंचा 'देहासी विटाळ म्हणती सकळ' कुणी गायचा यावर थोडा वाद झाला. 'विटाळा वांचोनी उत्पत्तीचे स्थान, कोण देह निर्माण नाही जगी' ही ओळ बाईच्या पाळीबद्दल आहे, आईच्या पोटाबद्दल आहे, आणि हे आपले पुरुष गायक आत्मा निर्मळ आहे एवढ्यावर जोर देऊन पुढं पळतात. मंडळातल्या बायकांनीच तो गायचा असं ठरलं, तोही चोखोबांच्या विटाळाच्या अभंगानंतर लगेच. नवऱ्यानं वेद-शास्त्रांपासून सुरुवात केली, बायकोनं शरीरापासून. शेवटच्या ओळीत ती स्वतःचं नावही घालत नाही, 'महारी चोखियाची' म्हणते. म्हणून निवेदन करणाऱ्यानं तिचं नाव आधी स्पष्ट घ्यावं.

यादी अशी झाली. टाळी वाजवावी. विठ्ठल विठ्ठल गजरी. ऊस डोंगा. धाव घाली विठू. वेदासी विटाळ. देहासी विटाळ. जोहार. आमुची केली हीन याती. नामदेवांचा चोखा माझा जीव. आणि भैरवीला सोयराबाईंचाच अवघा रंग एक झाला. 'शुद्ध चोखामेळा' बसला नाही. मास्तरांना ते पटलं नाही. जे अडचणीचं ते वगळलं असं होतं, म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. पण दहाच्या पुढं जागा नव्हती आणि 'टाळी वाजवावी' काढणं शक्य नव्हतं. 'खटनट यावे, शुद्ध होऊनी जावे' अशी दवंडी ज्याला दारात येऊ दिलं नाही तोच पिटतो, त्याच्याशिवाय पुण्यतिथी कशी सुरू करायची?

जोहारच्या आधी दोन मिनिटं येसकर, पाटी आणि जोहार म्हणजे काय ते सांगायचं. बुवांनी विचारलं कोण सांगणार. सगळ्यांनी निपाणकरकडे बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला. "पण जोहार चालू असताना मी टाळ वाजवणार नाही. खाली ठेवणार. कर्ममेळा सुरू झाला की उचलीन."

बुवांनी सातव्या आणि आठव्या अभंगाच्या मध्ये 'गजर नाही' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि वही मिटली.